प्रस्थानाची फाइल

वनजाचा राग म्हैसूरच्या विजयनगरातल्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होता. गॅसवाला सिलिंडर आणायचा तो तिच्या दारात आपटायचा नाही, लेकराला झोपवल्यासारखा ठेवायचा. एकदा आपटला होता, तेव्हा काय झालं ते त्याला आठवत होतं. पण म्हणून ती भांडखोर होती असं कुणी म्हणू नये. तिचा राग उगीच कुणावरही निघायचा नाही. वस्तू एक आणि तिच्यावर नाव दुसरंच, एवढं दिसलं की मात्र तिचं डोकं फिरायचं. आईनं, म्हणजे सरस्वतीबाईंनी, साखरेच्या डब्यात रवा भरला तर "रिकामा होता, म्हणून भरला गे" एवढ्या उत्तरावर तिचं भागायचं नाही. डबा उपडा करून, धुऊन, पुसून, रवा रव्याच्या डब्यात गेला की मगच घरात कॉफी व्हायची.

आईकडचं घराणं रंगाऱ्यांचं. पणजोबा कापड रंगवायचे, आजोबा त्यावर ठसे उठवायचे, मामांनी लग्नाच्या पिशव्या छापल्या. वनजाचे वडील मिरजेहून मामांच्या कारखान्यात कामाला आले, मामांच्या बहिणीशी लग्न करून इथलेच झाले आणि वनजा कॉलेजात असताना गेले. जाताना लेकीला एकच गोष्ट देऊन गेले, लिहायची मराठी. म्हैसूरच्या त्या सगळ्या गोतावळ्यात मराठी बोलायचे सगळे, अर्धी मराठी अर्धी कानडी, पण वाक्य सुरू करून ते मराठीतच संपवणारी एकटी वनजा. वडिलांच्या मागे मामांनी या दोघींना घराच्या मागच्या दोन खोल्या दिल्या. मामाही गेले. आता घर त्यांच्या मुलाचं, उदयचं. वनजा त्याला उदयण्णा म्हणायची.

कारखाना बंद पडल्यावर उदयनं पुढच्या खोलीत वेबसाइटच्या भाषांतराचं ऑफिस काढलं. औषधांच्या कंपन्यांची कामं धरली. कानडी, तमिळ, तेलुगू बाहेरून करून घ्यायची आणि मराठी वनजानं करायची. शिवाय सगळ्या फायली सांभाळायच्या त्याही तिनंच.

हे फायली सांभाळणं काय असतं ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचा संताप कळायचा नाही. वेबसाइटचं एकेक पान सुटं होऊन फाइल म्हणून येतं. फाइलच्या नावाच्या शेवटी इंग्रजीची खूण असते. भाषांतर करून परत पाठवताना नाव तेच ठेवायचं, फक्त ती खूण काढून मराठीची लावायची. पलीकडे कंपनीत वाचायला माणूस बसलेला नसतो, यंत्र असतं. ते नाव बघतं आणि पान वेबसाइटवर लावून टाकतं. आत औषध लिहिलंय की विष, ते यंत्र वाचत नाही. म्हणून वनजाचा कडक नियम होता. यंत्रानं केलेला पहिला खर्डा आला की त्याच्या नावाला 'कच्ची' अशी शेपटी लागलीच पाहिजे. ती स्वतः ओळ न् ओळ वाचून, दुरुस्त करून, पुन्हा वाचून समाधानी झाली, की मगच ती शेपटी काढायची. बिनशेपटीचं नाव फक्त पक्क्या फाइलचं. ऑफिसात नवीन कुणीही आलं की पहिल्या दिवशी तिच्याकडून हेच ऐकायचं, आणि वर दम मिळायचा तो वेगळा.

आणि हा नियम मोडत कोण होतं? खुद्द मालक.

उदय तसा भला माणूस, पण राहुकाळात घराबाहेर पाऊल टाकणार नाही. काम घरातून निघायचं ते चांगल्या वेळेला. आता वनजाचं तपासणं काही पंचांग बघून संपायचं नाही. राहुकाळ दारात येऊन उभा राहायचा आणि हिची अजून चार पानं उरलेली असायची. मग उदयनं तोड काढली, तीही आजोबांची. आजोबा कापडाचे गठ्ठे घेऊन तलकाडच्या बाजूला विकायला जायचे, तेव्हा मुहूर्त सकाळचा आणि गाडी दुपारची असली, तर एक पिशवी शेजारच्या घरी नेऊन ठेवायचे. पिशवी घराबाहेर पडली म्हणजे माणूस निघाला. त्याला म्हणायचं प्रस्थान ठेवणं. मग निवांत जेवून, पान खाऊन, खरे निघायचे तेव्हा राहुकाळ असो नाहीतर काही असो.

तर उदय फायलींचं प्रस्थान ठेवायला लागला. वनजाची कच्ची फाइल उचलायची, नावाची शेपटी खुडायची आणि कंपनीच्या फोल्डरमध्ये बिनशेपटीच्या नावानं टाकायची. काम निघालं! मग तासा-दोन तासांनी वनजा त्याच नावाची पक्की फाइल टाकायची, ती पहिलीच्या जागी बसायची आणि कच्ची पुसली जायची. कंपनीची एक मुलगी दिवसभराच्या फायली संध्याकाळी हातानं उचलून यंत्राला द्यायची, तोवर पक्की येऊन बसलेली असायची, त्यामुळं कधी काही बिघडलं नाही.

"उदयण्णा, पिशवीत धोतर असतं," वनजा त्याला कितीदा म्हणाली होती. "धोतर शेजारी राहिलं तर कुणाचं काही जात नाही. हे औषध आहे."

"अय्यो, बिडु गे, सोड. आजवर काही झालं का?"

आजवर! या शब्दानं तिच्या डोक्यात तिडीक जायची. पण मामांचं घर, मामांचा मुलगा. ती बडबडायची, खुर्ची आपटायची आणि कामाला लागायची. वर ऑफिसचं लॉगिन एकच, तेही वनजाच्या नावाचं, कारण वैद्यकीय मराठी तपासणारी म्हणून कंपनीनं मान्यता दिली होती ती तिला. म्हणजे प्रस्थान ठेवायचं उदयनं आणि पलीकडे नोंद व्हायची वनजाची.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि काही आठवड्यांनी एका सोमवारी सकाळी सुप्रीताचा फोन आला. ही कंपनीची बंगळूरची मुलगी, कामं वाटणारी. एरवी "ऊट आयता, मॅडम" म्हणून जेवणाची चौकशी केल्याशिवाय बोलायची नाही. आज थेट विचारलं.

"मॅडम, इन्शुलिनच्या पेनाचं मराठी पान तुम्ही बघितलंय का?"

"बघितलंय म्हणजे? मीच केलंय."

"एकदा उघडून बघा. जतहून एका बाईंचा फोन आला होता. त्यांनी पानावर लिहिल्याप्रमाणे पेनं बर्फाच्या कप्प्यात ठेवली. गोठलेलं औषध सासूला टोचत राहिल्या. साखर इतकी चढली की म्हातारीला दवाखान्यात ठेवलंय."

वनजानं पान उघडलं. 'पेन गोठवून ठेवा.' तिनं हेच वाक्य खोडलं होतं! तिला तो दिवस लख्ख आठवत होता. इंग्रजीत होतं की फ्रिजमध्ये ठेवा, गोठवू नका. यंत्राच्या खर्ड्यानं त्यातला नकार खाऊन टाकला होता. ते बघून ती मोठ्यानं ओरडली होती आणि लिहिलं होतं, 'फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. गोठलेलं औषध वापरू नका, टाकून द्या.' त्यातलं एक अक्षर पानावर नव्हतं. पानावर कच्ची होती. आणि कच्चीच्या खाली, सगळ्या जगाला दिसेल असं, 'पडताळणी: वनजा' आणि तक्रारीसाठी ऑफिसचा फोन नंबर.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे पान आत्ताच्या आत्ता काढा," ती म्हणाली.

"त्यासाठीच फोन केला, मॅडम. दुरुस्तीसाठी पान उघडायचं तर काय झालं ते तुमच्याकडून लेखी यावं लागतं. ते आलं की मी लगेच उघडते. दसऱ्यानंतर नवी पद्धत आलीय ना. त्या नावाची पहिली फाइल आली की यंत्र ती घेऊन कुलूप लावतं. त्याच नावाची दुसरी आली तर तिच्या नावाला एक आकडा जोडून बाजूला टाकतं. तुमच्या ऑफिसला मेल केलं होतं आम्ही."

मेल उदयकडे यायचं. वनजा उठली, खुर्ची मागं कोसळली, तिनं ती उचललीही नाही. उदय देवाला फूल वाहून कपाळाला गंध लावून नुकताच येत होता.

"मेल आलं होतं?"

"कुठलं गे?"

"पहिली फाइल धरणार, दुसरी टाकून देणार, ते मेल!"

उदयनं गंधाचं बोट पंच्याला पुसलं. "आलं होतं काहीतरी. दर आठवड्याला काहीतरी पाठवतात."

"आणि तू तरी प्रस्थान ठेवलंस!"

काय घडलंय ते तिनं एका दमात सांगितलं. उदयचा चेहरा उतरला, खोटं कशाला बोला. माणूस दगड नव्हता. खुर्चीत बसला, पाणी प्यायला. वनजाला वाटलं, आता म्हणेल की लिही, चूक माझी. पण दुसरा पेला संपेपर्यंत त्याच्यातला मालक जागा झाला होता.

"आधी शांत हो," तो म्हणाला.

"मी शांत झाले म्हणजे पान उतरणार आहे का?"

"उतरेल. नीट लिहू या. मी सांगतो तसं लिही. 'फाइलला नाव देताना माझ्याकडून एकदा चूक झाली. ऑफिसच्या कामाच्या पद्धतीशी याचा संबंध नाही.' खाली तुझं नाव."

"माझं?"

"लॉगिन तुझंच आहे की. त्यांच्याकडे तुझंच नाव दिसतंय. मी ठेवलं म्हटलं तर म्हणतील, हे ऑफिसच असं चालतं. सगळं काम काढून घेतील. एकाची चूक म्हटली की एकालाच काढतात."

"म्हणजे माझी मान्यता गेली. पुन्हा मला औषधाचं एक पान कुणी देणार नाही."

"काम जाणार नाही गे तुझं! दिव्यश्रीच्या नावावर टाकू. तू करत राहायचं, नाव फक्त तिचं."

दिव्यश्री म्हणजे उदयची बायको. गुणाची बाई, पण देवनागरी वाचायची ती बोट ठेवून, ओळीवर ओळ चुकवत. वनजानं केलेलं काम तिच्या नावानं जाणार. उदयनं हे असं सांगितलं की जणू हिच्यावर उपकारच करतोय. वनजानं टेबलावर हात आपटला.

आवाज ऐकून सरस्वतीबाई मागच्या दारानं आल्या. त्यांनी अर्धं ऐकलं होतं, उरलेलं उदयनं त्यांना कानडीत ऐकवलं, त्याच्या सोयीचं तेवढं.

"वनजा," त्या म्हणाल्या, "मामानं आपल्याला ठेवून घेतलं तेव्हा तू काही नव्हतीस. उद्या उदयचं काम बसलं तर आपण कुठं जायचं? लिहून टाक की. एका कागदानं काय होतंय?"

बाहेरच्यांवर ओरडणं सोपं असतं हो. आईवर ओरडायला तोंड उघडलं आणि समोर ती पदर पिळत उभी असलेली दिसली की ते जमत नाही. वनजा संगणकाकडे वळली. तेवढ्यात टेबलावरचा ऑफिसचा फोन वाजला. उदयनं वाकून नंबर बघितला.

"उचलू नको. जतकडचा नंबर दिसतोय, त्याच बाई असणार. सकाळपासून करतायत."

फोन वाजून वाजून थांबला. वनजानं खुर्ची सरळ केली, बसली आणि लिहायला घेतलं. काही का असेना, पान उतरलं पाहिजे. ते वाक्य अजून तिथं होतं आणि आत्ता, या क्षणाला, आणखी कुणीतरी ते वाचून पेन बर्फात खुपसत असेल. जाऊ दे माझं नाव खड्ड्यात, ती मनाशी म्हणाली. 'फाइलला नाव देताना माझ्याकडून एकदा' इथपर्यंत लिहिलं आणि बोटं थांबली.

एकदा?

प्रस्थान काय एकदा ठेवलं होतं? दसऱ्यानंतर जेवढी कामं निघाली तेवढ्यांची ठेवली होती! मग ती सगळी?

तिनं कंपनीचं फोल्डर पहिल्या पानापासून उघडलं. इतके दिवस ती पक्की फाइल टाकायची, हिरवी खूण आली की झालं म्हणायची आणि पुढच्या कामाला लागायची. मागं वळून बघायचं तिला सुचलंच नव्हतं. आता बघितलं. रक्तदाबाच्या गोळ्यांचं पान, त्याखाली तेच नाव आणि मागं चिकटलेला आकडा. दम्याच्या पंपाचं पान, तसंच. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं पान, किती वजनाच्या लेकराला किती द्यायचं त्याचं. तेही तसंच. तिनं तपासलेल्या सगळ्या फायली बाजूच्या ढिगात पडल्या होत्या आणि वेबसाइटवर सगळीकडे कच्च्या. प्रत्येकीखाली 'पडताळणी: वनजा'.

"उदयण्णा, इकडं ये."

"लिहिलंस?"

"इकडं ये म्हणते ना! हे बघ. हे काय आहे? लेकरांच्या औषधाचं माप आहे हे. मी एकदा चूक झाली म्हणून लिहून दिलं की ते तेवढं एक पान दुरुस्त करतील आणि बाकीची अशीच राहतील. उद्या फोन जतहून नाही, आणखी कुठून येईल, आणि तो म्हातारीसाठी नसेल!"

"हळूहळू आपणच बदलून घेऊ ना," उदय म्हणाला, पण आवाज पार बसला होता. "त्यांना न कळता..."

"कुलूप लावलेलं पान न कळता कसं बदलणार? आणि तोवर? मुहूर्त बघायचा?"

तिनं लिहिलेलं सगळं पुसलं आणि सुप्रीताला फोन लावला. स्पीकर चालू केला, फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

"सुप्रीता, तुझ्याकडे लेखी आत्ता पाठवते, पण आधी ऐक. एक पान नाही. दसऱ्यानंतरची आमच्या ऑफिसची सगळी मराठी पानं उतरव. सगळी कच्ची आहेत."

"सगळी? मॅडम, हे तुमच्याकडून झालं?"

वनजानं उदयकडे बघितलं. "उदयण्णा, तू सांगतोस की मी सांगू?"

उदय टेबलाच्या कडेकडे बघत होता. सरस्वतीबाई पुटपुटल्या, "वनजा, नको गे." वनजानं अजून थोडी वाट बघितली. त्याला शेवटची संधी द्यावी असं तिला मनापासून वाटत होतं, कारण लहानपणी मामांच्या खांद्यावर बसून दोघांनी मिळून दसऱ्याची मिरवणूक बघितली होती. पण तो पंच्यानं कपाळ पुसत राहिला.

"आमचे मालक कच्ची फाइल पक्क्या नावानं आधी टाकतात," वनजा म्हणाली. "मुहूर्तासाठी. माझ्या लॉगिननं. मला माहीत होतं, मी नुसती ओरडले आणि टाकू दिलं. तुमचं मेल मला दिसलं नाही, त्यांना दिसलं होतं. हे सगळं मी लिहून पाठवते, जसंच्या तसं."

सुप्रीता म्हणाली, "मॅडम, हे वर गेलं की ऑफिसचं काम बंद होणार. चौकशी होईपर्यंत तुमचंही नाव काढतील."

"काढ. आधी पानं काढ."

वनजानं लेखी पाठवलं, पानं उतरली. मग एकेका पानाचं कुलूप निघालं तशी वनजा पक्की फाइल तिच्या खऱ्या नावानं तिथं बसवत गेली आणि प्रत्येक पान वेबसाइटवर उघडून, पहिल्या ओळीपासून वाचून बघत गेली. उदय कधी उठून आत गेला ते तिला कळलं नाही. आतून दिव्यश्रीचा रडका आवाज येत होता. सरस्वतीबाई उंबऱ्यात बसून राहिल्या. मागच्या दोन खोल्यांचं काय होणार, हे दोघींनाही विचारावं लागलं नाही.

शेवटचं पान वाचून झालं आणि ऑफिसचा फोन पुन्हा वाजला. आता अडवायला कुणी नव्हतं. वनजानं उचलला.

"कोण बोलतंय? त्या पेनाच्या पानावर वनजा म्हणून नाव आहे, त्या हव्यात मला."

"मीच वनजा."

"मीच वनजा! किती सहज म्हणताय हो! दोन ओळी धड लिहिता येत नाहीत आणि खाली नाव कसलं घालता? शेजारीण मला म्हणत होती, औषध गोठवत नसतात, बर्फात ठेवू नको. मी तिच्याशी भांडले. म्हटलं, कंपनीनं आपल्या भाषेत लिहून दिलंय, खाली माणसाचं नाव आहे, तू कोण मला सांगणारी? अहो, माझ्या हातानं टोचलंय मी त्यांना रोज! माझ्या हातानं! आता नवरा मला विचारतोय, माझ्या आईला काय टोचत होतीस म्हणून. त्याला काय सांगू मी? बोला ना! शिकलेल्या आहात ना तुम्ही?"

वनजावर असं आजवर कुणी ओरडलं नव्हतं. कुणाची छातीच नव्हती. ते वाक्य मी खोडलं होतं, मी बरोबर लिहिलं होतं, कच्ची टाकली दुसऱ्यानं, हे सगळं तिच्या जिभेवर आलं होतं आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. उंबऱ्यातून आई तिच्याकडे बघत होती.

"घरात ती पेनं अजून असतील तर आधी टाकून द्या," वनजा म्हणाली. "एकही वापरू नका. नवी आणा, ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. आणि नवऱ्याला माझ्याशी बोलायला लावा. तुमचा दोष नाही, हे मी सांगते त्यांना."

"ते शिव्या घालतील तुम्हाला."

"घालू देत. द्या त्यांना फोन."